चार परीक्षक आणि एक इशारा

ताई, नमस्कार.

मी पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षाला आहे. मूळची इलेक्ट्रॉनिक्सची. छातीला चिकटवायचा एक पॅच आम्ही केलाय. तो दिवसभर ईसीजी घेतो आणि ठोक्यांची लय बिघडली की मोबाइलवरून डॉक्टरांना इशारा पाठवतो. विषय चार शाखांमध्ये पसरलाय म्हणून समितीवरही चौघे आहेत : इंजिनिअरिंगचे माझे गाईड, दूरसंचारचे एक सर, एक हृदयरोगतज्ज्ञ आणि कायद्याच्या एक मॅडम. दर बैठकीत माझी शोभा होते. गाईड म्हणतात, सर्किटमध्ये नवीन काय? डॉक्टर म्हणतात, चाळीस रुग्णांवरून काय सिद्ध होतं? अचूकता ९८ टक्के आली, तरी त्यांचा चेहरा हलत नाही. दूरसंचारचे सर विचारतात, सिग्नल पोचलाच नाही तर? मॅडम विचारतात, इशारा पोचला, कोणी पाहिला नाही आणि माणूस दगावला, तर जबाबदार कोण? मैत्रीण म्हणते, तुझं एक ना धड भाराभर चिंध्या झालंय. त्यात परवा एका जर्नलची मेल आली. इंजिनिअरिंग, कायदा, दूरसंचार, वैद्यक, सगळं छापतात आणि सात दिवसांत स्वीकृती देतात. पाठवून मोकळी होऊ का? पेपरवर नावं कुठल्या क्रमाने घालायची यावरूनही कुरबूर सुरू झालीय. की हे सगळं सोडून एकच शाखा धरू?

– मधल्यामधे अडकलेली

तू ताई म्हटलंस, तेव्हा मी सरळ एकेरीवर येते.

मेलचं आधी, कारण ते दोन शब्दांत संपतं : पाठवू नकोस. पुढची वाक्यं फक्त माझा राग निघावा म्हणून. चार शाखांचा पेपर तपासायला चार तऱ्हेचे समीक्षक लागतात आणि त्यांच्यापैकी एकाने ‘हो, बघतो’ म्हणेपर्यंतच सात दिवस निघून जातात. २०१३ मध्ये जॉन बोहॅनन या पत्रकाराने ‘सायन्स’ या नामांकित जर्नलसाठी एक उद्योग केला होता. ढळढळीत चुका पेरलेला बनावट पेपर त्याने खुल्या प्रवेशाच्या, म्हणजे कोणालाही फुकट वाचता येणाऱ्या, ३०४ जर्नलांना पाठवला. १५७ जर्नलांनी तो स्वीकारला. तुला आलेल्या मेलमध्ये आयएसएसएन आणि डीओआय यांचा उल्लेख ठळक अक्षरांत असणार. आयएसएसएन हा नियतकालिकाचा क्रमांक आणि डीओआय हा लेखाचा कायमचा पत्ता. घराला नंबर आहे म्हणून आत कोणी राहतं असं नाही. विषयांचा पसारा मोठा असणं हा काही गुन्हा नव्हे. ‘प्लॉस वन’ हे जर्नल २००६ पासून नाना शाखांचे पेपर घेतं आणि रीतसर समीक्षा करतं. म्हणून नावावर जाऊ नकोस. त्या जर्नलच्या मागच्या अंकातला तुझ्या विषयाचा एक पेपर उघड आणि तो तूच तपासायला बसली आहेस असं समजून वाच. पाच मिनिटांत निकाल लागेल.

आता मूळ दुखणं.

मी तुझ्याएवढी असताना अशाच एका मिश्र गटात होते. रक्तदाब मोजणारं यंत्र करायचं होतं. तिसऱ्या बैठकीत ‘सेन्सिटिव्हिटी वाढवायला हवी’ यावर सगळ्यांचं एकमत झालं. इतक्या झटपट एकमत झालं तेव्हाच खरं तर आम्हाला शंका यायला हवी होती. महिन्याने जो तो आपापलं काम घेऊन आला. सेन्सरवाल्याने दाबातल्या तेवढ्याच फरकाला जास्त व्होल्टेज देणारा सेन्सर आणला होता. दूरसंचारवाल्याने रिसीव्हर बदलला होता, कारण त्याच्या लेखी सेन्सिटिव्हिटी म्हणजे किती क्षीण सिग्नल पकडता येतो. सिग्नलची ताकद डीबीएममध्ये मोजतात आणि तिथे उणे ९५ डीबीएमपेक्षा उणे १०० डीबीएम चांगला, म्हणजे आकडा जितका खाली तितका आनंद. डॉक्टरांना हवं होतं ते निराळंच : शंभर खरोखरच्या आजाऱ्यांपैकी किती जण यंत्राला सापडतात. आणि कायद्याच्या सहकाऱ्याने ‘सेन्सिटिव्ह’ माहिती कशी साठवायची याची आठ पानी नियमावली लिहून आणली होती. त्याच्या भाषेत सेन्सिटिव्ह म्हणजे विशेष संरक्षण लागणारी माहिती, आणि आरोग्याची माहिती त्यात पहिल्या रांगेत बसते. चौघांनीही मन लावून काम केलं होतं. रिसीव्हर तर अप्रतिम होता.

‘प्रोटोकॉल’ची तीच तऱ्हा. दूरसंचारवाल्याला तो दोन यंत्रांनी एकमेकांशी कसं बोलायचं याचा नियम वाटतो, डॉक्टरला चाचणीचा आधीच लिहून ठेवलेला आराखडा, वकिलाला आंतरराष्ट्रीय कराराला जोडलेला दस्तऐवज. ‘ट्रायल’ म्हटलं की एकाच्या डोळ्यांसमोर रुग्ण येतात आणि दुसऱ्याच्या न्यायाधीश. हे विनोद म्हणून ठीक आहे, पण तुझ्या बैठकांमध्ये नेमकं हेच चाललंय असं मला दिसतं आणि ते ज्या शब्दावरून चाललंय तो तूच पत्रात लिहिला आहेस. तो शब्द म्हणजे अचूकता.

डॉक्टरांचा चेहरा का हलत नाही ते कागदावर करून बघ. समज, तुझा पॅच लय बिघडलेल्या शंभरांपैकी ९८ जणांना पकडतो आणि निरोगी शंभरांपैकी ९८ जणांना बरोबर सोडून देतो. दोन्हीकडे ९८. आता तो दहा हजार लोकांना लाव, ज्यांच्यातल्या १०० जणांची लय खरंच बिघडलेली आहे. १०० पैकी ९८ सापडले, दोन निसटले. उरलेल्या ९,९०० निरोगी माणसांपैकी दोन टक्के, म्हणजे १९८ जणांचे खोटे इशारे आले. एकूण इशारे २९६ आणि त्यांतले खरे ९८. म्हणजे डॉक्टरांचा फोन तीनदा वाजला की दोनदा उगाच वाजला. तुला ९८ दिसतात तिथे त्यांना हे दिसतं. शिवाय हा हिशेब माणशी एकदाच तपासणी धरून केलाय. तुझा पॅच दिवसभर, दर काही सेकंदांनी निकाल देतो. त्याचा गुणाकार मी करत नाही, तू कर.

दुसरी गोष्ट थोडी नाजूक आहे. हे ९८ टक्के तू काढलेस कसे? निरोगी माणसाचं हृदय दिवसाला साधारण एक लाख वेळा ठोका देतं. चाळीस रुग्ण, प्रत्येकी एक दिवस, म्हणजे तुझ्याकडे चाळीस लाख ठोके जमले. ते सगळे एका पिशवीत घालून हलवलेस, ऐंशी टक्के अल्गोरिदमच्या, म्हणजे निर्णय देणाऱ्या प्रोग्रामच्या, शिकवणीला आणि वीस टक्के त्याच्या परीक्षेला काढलेस, तर एकाच माणसाचे ठोके दोन्हीकडे गेले. मग तुझ्या अल्गोरिदमने आजार ओळखला की माणूस ओळखला, हे सांगायची सोय उरत नाही. प्रत्येकाच्या ईसीजीला स्वतःचा असा तोंडवळा असतो. इतका, की ईसीजीवरून माणसाची ओळख पटवण्यावर वेगळं संशोधन चालतं. एमआयटी-बीआयएच हा ईसीजीचा प्रसिद्ध संग्रह १९८० पासून जगभर वापरला जातोय. त्यात ४७ माणसांच्या अर्ध्या-अर्ध्या तासाच्या ४८ नोंदी आहेत, आणि त्यावर याच घोळातून आलेले झगझगीत आकडे छापून येतात. म्हणून माणसं वेगळी कर, ठोके नव्हे. परीक्षेतल्या माणसाचा एकही ठोका शिकवणीत नको. चाळीस लाख ठोके असले तरी साक्षीदार चाळीसच आहेत. डॉक्टर तेवढंच सांगत होते, फक्त तुझ्या भाषेत त्यांना सांगता येत नव्हतं. तुझ्या गाईडांनी हे आधीच विचारायला हवं होतं, असं माझं मत आहे. पण ते सर्किटकडे बघत बसले.

चाळीस कोण, हेही बघ. बोटाला लावून रक्तातला प्राणवायू मोजणाऱ्या पल्स ऑक्सिमीटरचं तत्त्व ताकुओ आओयागी यांनी १९७४ च्या सुमाराला जपानमध्ये शोधलं. यंत्र प्रकाशावर चालतं, त्यामुळे त्वचेचा रंग त्याच्या वाटेत येतो. २०२० च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी छापलेल्या पाहणीत यंत्र ९२ ते ९६ टक्के दाखवत असताना प्रत्यक्षात ८८ च्या खाली असलेले रुग्ण कृष्णवर्णीयांमध्ये ११.७ टक्के होते, गोऱ्यांमध्ये ३.६ टक्के. तुझा पॅच प्रकाशावर चालत नाही, त्याला त्वचेच्या रंगाशी देणंघेणं नसेल. पण घाम, छातीवरचे केस, म्हाताऱ्या माणसाची पातळ कातडी आणि सुटत आलेली चिकटपट्टी यांच्याशी आहे. तुझ्या चाळिसांत ही माणसं किती होती?

आता मॅडम. त्यांचा प्रश्न तुला सर्वांत परका वाटत असणार. मला मात्र तो सगळ्यात इंजिनिअरिंगचा वाटतो. थेरॅक-२५ ची गोष्ट तुझ्या अभ्यासक्रमात होती का? किरणोपचाराचं यंत्र. १९८५ ते १९८७ या काळात त्याने सहा रुग्णांना ठरल्यापेक्षा कितीतरी पट जास्त मात्रा दिली, त्यात जीव गेले. आधीच्या मॉडेलमध्ये चुकीच्या स्थितीत किरण सुटूच नयेत म्हणून यंत्रातच अडसर बसवलेले होते. ते काढून भिस्त सॉफ्टवेअरवर टाकली होती. एका अपघातात पडद्यावर ‘मॅलफंक्शन ५४’ असं उमटलं. त्याचा धड अर्थ माहितीपुस्तिकेतही नव्हता. असे संदेश यंत्र एरवीही देत असे, आणि चालवणाऱ्यांना ‘पुढे चालू’ची कळ दाबायची सवय पडली होती. कळ दाबली गेली.

तुझे तीनांपैकी दोन खोटे इशारे आता याच्या शेजारी ठेव. सहा महिन्यांनी तुझ्या डॉक्टरांचंही बोट असंच कळीकडे जाईल. मॅडम विचारतात ‘कोणी पाहिला नाही तर’, आणि लोक पाहायचं का सोडतात याचं एक मोठं कारण तू स्वतः तयार करतेस. त्या अपघातांची सगळ्यांत बारीक चिकित्सा १९९३ मध्ये नॅन्सी लेव्हसन आणि क्लार्क टर्नर यांनी छापली. त्यातला टर्नर तेव्हा संगणकशास्त्रात पीएच.डी. करणारा विद्यार्थी होता, आणि सनद असलेला वकीलही. तुझ्या मैत्रिणीला हे जरूर सांग.

दूरसंचारच्या सरांचा प्रश्न तू ‘नेटवर्क गेलं तर काय’ एवढाच घेतला आहेस, असं पत्रावरून वाटतं. तो तेवढा नाही. २००८ मध्ये अमेरिकेत संगणक-सुरक्षावाल्यांनी एका हृदयरोगतज्ज्ञाला सोबत घेऊन छातीत बसवायचा डिफिब्रिलेटर, म्हणजे झटका देऊन हृदयाची लय ताळ्यावर आणणारं यंत्र, प्रयोगशाळेत टेबलावर ठेवला आणि सॉफ्टवेअर-रेडिओच्या मदतीने त्याच्याशी परस्पर बोलून दाखवलं. रुग्णाची माहिती वाचली, उपचाराच्या सेटिंगही बदलल्या. २०१७ मध्ये अमेरिकेत सुमारे ४ लाख ६५ हजार पेसमेकरांसाठी सुरक्षेची त्रुटी बुजवणारं फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या आतलं सॉफ्टवेअर, आलं, आणि त्यासाठी रुग्णाला दवाखान्यात यावं लागत होतं. कुलूप लावायला हवं हे उघड आहे. पण किती घट्ट? माणूस परगावी बेशुद्ध होऊन अनोळखी रुग्णालयात पोचला, तर तिथल्या डॉक्टरला ते यंत्र तत्क्षणी उघडता आलं पाहिजे. सुरक्षावाला म्हणतो बंद ठेवा, डॉक्टर म्हणतो उघडं ठेवा, दोघंही रुग्णाच्याच जिवासाठी भांडतात. असं काही सापडलं की समजायचं, इथे खरा प्रश्न आहे आणि तो एकट्या शाखेच्या हातात मावणारा नाही. मिश्र संशोधनाचा एवढाच काय तो खराखुरा आधार असतो. बाकी ‘चार शाखांचा संगम’ वगैरे अर्ज भरताना लिहायचं असतं.

म्हणून पुढच्या बैठकीला सादरीकरण नेऊ नकोस. एक मोठा कागद ने. त्यावर एकाच इशाऱ्याचा प्रवास काढ, डावीकडून उजवीकडे. त्वचा. इलेक्ट्रोड. सर्किट. अल्गोरिदमचा निर्णय. पॅचपासून मोबाइलपर्यंतचा रेडिओ. मोबाइलपासून सर्व्हरपर्यंतचं नेटवर्क. डॉक्टरांचा पडदा. डॉक्टरांचे डोळे. त्यांचा निर्णय. रुग्णाला गेलेला फोन. मग चौघांच्या हातात पेन दे आणि सांग, इशारा कुठे हरवेल, कुठे खोटा ठरेल आणि तसं झालं तर कशावरून कळेल, ते ज्याच्या त्याच्या जागी लिहा. मी हे तीनदा केलंय. दरवेळी पहिली दहा मिनिटं अवघडलेली जातात, कारण प्राध्यापकांना कागदावर लिहायला सांगणारं कोणी नसतं. नंतर मात्र कागद पुरत नाही. कायद्याची व्यक्ती ‘डॉक्टरांचे डोळे’ या जागी लिहिते की पाहिल्याची नोंद राहते का. ते वाचून दूरसंचारवाला म्हणतो की पोचपावतीचा संदेश उलट पाठवता येईल, पण बॅटरी जाईल. बॅटरी म्हटल्यावर तुझे गाईड जागे होतात. चौघांच्या वेगळ्या वाटणाऱ्या शंका एकाच दोरीवर वाळत घातलेल्या असतात, ते त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं पाहिजे. तू सांगून उपयोग नाही.

त्या कागदावरून तुझा प्रश्न निवड. ‘माझा पॅच चांगला आहे का’ हा प्रश्न नव्हे, ती जाहिरात आहे. माझ्या डोळ्यांसमोर आहे तो असा : खरी बिघडलेली लय निसटू न देता खोटे इशारे किती कमी करता येतात, आणि त्यापायी बॅटरी किती खर्ची पडते? माणूस जिना चढतोय, पट्टी सुटत आलीय, घाम आलाय, हे पॅचने स्वतः ओळखून ‘आत्ता मला नीट दिसत नाहीये’ असं सांगावं की गप्प राहावं? यात गाईडांना हवं ते नवं आहे, सर्किटमध्ये नसेल पण निर्णयाच्या रचनेत आहे. डॉक्टरांना मोजता येईल असं काहीतरी आहे. ‘मला दिसत नाहीये’ हा संदेश पोचवायचा की नाही, यावर दूरसंचारचे सर आणि मॅडम दोघंही तासभर बोलतील. तुला कागदावरून दुसरा प्रश्न सापडला तर उत्तमच.

एकच शाखा धरू का, हे तू शेवटी विचारलंस. धर. पण तू समजतेस त्या अर्थाने नव्हे. प्रबंधाला राहायला एक घर लागतं, आणि तुझं घर इंजिनिअरिंग आहे, कारण पदवी तेच देणार. त्या घराच्या पुराव्याच्या अटी तुला शंभर टक्के पाळाव्या लागतील. दुसऱ्या तीन शाखांच्या अटी त्यांच्या पद्धतीने पूर्ण करायला जाशील, तर तीन वर्षं आणखी लागतील आणि तरीही डॉक्टर म्हणतील की चाळीसच रुग्ण. तिथे तुझं काम वेगळं आहे : चूक ठरेल असं काही बोलायचं नाही. ‘या पॅचने मृत्यू टळतात’ असं लिहिलंस, तर हजारो माणसांची, चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडलेली चाचणी लागेल. ‘या ४० जणांत खोटे इशारे इतके कमी झाले’ असं लिहिलंस, तर चाळीस पुरे. मोठमोठ्यांनासुद्धा हे जपून बोलावं लागतं. अ‍ॅपलच्या घड्याळावरचा अभ्यास २०१९ मध्ये छापला गेला, त्यात ४,१९,२९७ माणसं होती. अनियमित नाडीचा इशारा मिळाला २,१६१ जणांना. त्यानंतर पाठवलेला ईसीजीचा पॅच लावून परत केला ४५० जणांनी आणि त्यांतल्या ३४ टक्क्यांमध्ये एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची बिघडलेली लय, सापडलं. उरलेल्यांचे इशारे खोटेच होते असं म्हणता येत नाही, कारण ही लय मधूनच बिघडते आणि पॅच लावेपर्यंत ताळ्यावरही येते. चार लाखांवर माणसं घेऊनही किती रुग्ण निसटले हे त्या अभ्यासाला सांगता येत नव्हतं, कारण ज्यांना इशारा गेला नाही त्यांना तो पॅच लावलाच नव्हता. आकडा मोठा असला तरी प्रश्न ज्या आकाराचा विचारला, उत्तर त्याच आकाराचं येतं.

संमतीपत्राचं विचारते, कारण पत्रात त्याचा उल्लेखच नाही. ते कोणी लिहिलं? आमचं आम्ही इंजिनिअरांनी लिहिलं होतं, एका दुपारी, जुन्या प्रकल्पाचं उचलून. ‘या उपकरणाच्या चाचणीसाठी’ एवढंच त्यात होतं. दीड वर्षाने उपकरण मागे पडलं आणि त्याच नोंदींवर नवा अल्गोरिदम चालवून बघायची वेळ आली, तेव्हा एथिक्स कमिटीने विचारलं, याची परवानगी कुठाय? नव्हती. पुन्हा एकेकाला फोन केले. काही नंबर बदललेले, काहींच्या घरून कळलं की माणूस राहिला नाही. तो फोन ठेवल्यावर पुढचा लावायला मला अर्धा तास लागला होता. आम्ही म्हणालो, नावं काढून टाकू, मग कसली संमती? कमिटीतल्या कायद्याच्या बाईंनी शांतपणे संगणकशास्त्रज्ञ लटान्या स्वीनी यांचं काम समोर ठेवलं : अमेरिकेच्या १९९० च्या जनगणनेवरून त्यांनी दाखवलं होतं की जन्मतारीख, लिंग आणि पाच अंकी पिनकोड एवढ्यावर सुमारे ८७ टक्के लोक एकमेव ठरू शकतात. नाव पुसलं तरी माणूस तिथेच असतो. तुझ्याकडे तर ईसीजी आहे. तुझं संमतीपत्र मॅडमना आजच दाखव. नवे रुग्ण घ्यायच्या आधी त्यांचा आक्षेप एका परिच्छेदाच्या दुरुस्तीत भागतो, नंतर तोच आक्षेप वर्ष खातो.

नावांचा क्रम. यात कोणी लबाड नाही, चौघांचे रिवाज वेगळे आहेत. वैद्यकात पहिलं नाव राबणाऱ्याचं आणि शेवटचं ज्येष्ठाचं. गणिताच्या अंगाने जाणाऱ्या शाखांमध्ये वर्णानुक्रम चालतो. कायद्याचे लेख बहुधा एकट्याने लिहिलेले असतात, त्यामुळे सात नावांचा पेपर बघून मॅडमना ती लग्नपत्रिका वाटत असेल. वैद्यकीय जर्नलांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या अटी चार आहेत : कामात भरीव वाटा, लिहिण्यात किंवा तपासण्यात हात, अंतिम मसुद्याला मान्यता आणि सगळ्या कामाचं उत्तरदायित्व. चारही पाळणाऱ्याचंच नाव लेखकांत, बाकीच्यांचे आभार. त्याच कागदी बैठकीत, प्रत्येक होऊ घातलेल्या पेपरसमोर नावं लिहून घे आणि खाली तारीख टाक. मॅडमना उत्तरदायित्वावर स्वतंत्र लेख लिहायचा असेल तर आनंदाने लिहू दे. दूरसंचारच्या सरांना परिषदेतला पेपर पुरेल, त्यांच्याकडे त्याला वजन आहे. डॉक्टरांना मात्र परिषदेचं काही विशेष वाटत नाही, त्यांना जर्नल लागेल. गाईडांच्या मनात पेटंट असेल तर ते अर्ज आधी, मग सगळं. युरोपात अर्जाच्या आदल्या दिवशी परिषदेत लावलेलं पोस्टरसुद्धा पेटंटला लागणारं नावीन्य घालवतं. अमेरिकेत वर्षभराची सवलत आहे, पण तिच्यावर विसंबून राहू नये.

बैठक कधी आहे ते तू लिहिलं नाहीस. तिच्याआधी एक कर : माणसं वेगळी ठेवून तो ९८ टक्क्यांचा हिशेब पुन्हा मांड. आकडा खाली येईल, बहुधा बराच. घाबरू नकोस, आणि तो झाकण्यासाठी दुसरी पद्धतही शोधू नकोस. तो नवा आकडा कागदाच्या वरच्या कोपऱ्यात मोठ्या अक्षरांत लिही आणि डॉक्टरांच्या समोर ठेव.